चोपचिनी: चीनहून दख्खनमध्ये आलेल्या एका मुळाची गोष्ट

१/२५
काष्ठौषधींच्या जुन्या दुकानात सुंठ, ज्येष्ठमध, वेखंड यांच्या शेजारी एखाद्या डब्यात तांबूस, गाठाळ आणि हाताला जड लागणाऱ्या मुळाचे तुकडे असतात. त्याला वास जवळजवळ नसतो आणि चवही फारशी नसते. नाव चोपचिनी. त्वचेचे जुनाट विकार, खाज, चट्टे आणि ‘रक्तशुद्धी’ यांसाठी हे मूळ शेकडो वर्षे दिले जात आहे. आज ते आयुर्वेदिक औषध म्हणून ओळखले जाते. मात्र चरक आणि सुश्रुत यांच्या संहितांत ते सापडत नाही. ते भारतात आले सोळाव्या शतकात, चीनहून, एका नव्या आणि भयंकर रोगाच्या पाठोपाठ. हा धागा त्या मुळाचा आणि त्या रोगाचा आहे.

२/२५
नावापासूनच सुरुवात करणे योग्य. फारसीत ‘चोब’ म्हणजे लाकूड, काठी. हाती काठी घेऊन उभा राहणारा तो चोबदार, मराठीत चोपदार. पंढरीच्या पालखीपुढे चालणारा चोपदार आणि वैद्याच्या डब्यातली चोपचिनी यांच्या नावाचा पूर्वार्ध असा एकच आहे. ‘चोब-इ-चिनी’ म्हणजे चिनी लाकूड. पोर्तुगीज त्याला ‘चीनचे मूळ’ म्हणत. संस्कृत वैद्यकात त्याला ‘द्वीपान्तर वचा’ असे नाव मिळाले, म्हणजे दुसऱ्या द्वीपावरून आलेले वेखंड. तिन्ही नावे औषध परके असल्याचे उघडपणे सांगतात. नाव देणाऱ्यांपैकी कोणालाही ते लपवावेसे वाटले नव्हते.

३/२५
आता रोग. १४९४-९५ मध्ये फ्रान्सचा राजा आठवा चार्ल्स इटलीवर चालून गेला आणि त्याने नेपल्स घेतले. त्याच्या सैन्यात एक अपरिचित रोग भडकला. आधी गुप्तांगावर व्रण, मग अंगभर पुरळ, हाडांत असह्य वेदना आणि कित्येकांच्या बाबतीत शरीराची झीज. सैन्य पांगले तसा रोग युरोपभर पसरला. इटालियन लोक त्याला फ्रेंच रोग म्हणत, फ्रेंच लोक नेपल्सचा रोग म्हणत, रशियन लोक पोलिश रोग म्हणत. १५३० मध्ये इटालियन वैद्य फ्राकास्तोरो याने आपल्या लॅटिन काव्यातील एका मेंढपाळाला हा रोग जडल्याची कथा रचली. त्या मेंढपाळाच्या नावावरून आजचे नाव आले: सिफिलिस.

४/२५
२० मे १४९८ रोजी वास्को द गामा कालिकतजवळ पोहोचला. पुढच्या काही वर्षांतच हा रोग हिंदी महासागराच्या बंदरांत दिसू लागला. भारतात त्याचे नाव पडले ‘फिरंग रोग’. ‘फ्रँक’ या शब्दापासून फारसी-अरबीमार्गे ‘फिरंग’ आणि ‘फिरंगी’ हे शब्द आले. मराठ्यांच्या हातातील सरळ पात्याच्या युरोपीय तलवारीलाही ‘फिरंग’ म्हणत. एकाच शब्दाने तलवार आणि रोग दोन्ही ओळखले गेले. चीनमध्ये रोग दक्षिणेकडच्या बंदरांतून आत शिरला, म्हणून उत्तरेकडील चिनी लोक त्याला ‘ग्वांगडोंगचे व्रण’ म्हणू लागले. जपानात १५१२ पर्यंत तो पोहोचला होता आणि तिथे त्याला चिनी रोग म्हटले गेले. प्रत्येक समाजाने रोगाला शेजाऱ्याचे नाव दिले.

५/२५
चिनी वैद्यांनी त्याला आणखी एक नाव दिले: ‘यांगमेई व्रण’. यांगमेई हे दक्षिण चीनमधील लाल, खरबरीत दाणेदार सालीचे फळ. आपल्याकडच्या कायफळाच्याच प्रजातीतले. रुग्णाच्या अंगावरील पुरळ त्या फळासारखे दिसे. हा रोग वैद्यांपुढे प्रथम त्वचेच्या रूपानेच येत असे. रक्ताची तपासणी नव्हती, सूक्ष्मदर्शक नव्हता. त्वचा स्वच्छ झाली की रोग गेला, हीच बरे होण्याची एकमेव खूण होती. पुढील साडेतीनशे वर्षांचा गोंधळ या एका गोष्टीतून निर्माण झाला, म्हणून ती लक्षात ठेवायला हवी.

६/२५
उपचार कोणते होते? युरोपात, इराणात, भारतात आणि चीनमध्येही मुख्य औषध होते पारा. कधी मलमातून, कधी धुरीतून, कधी रसकापुरासारख्या संयुगातून. पाऱ्याने व्रण सुकत, पण रुग्णाच्या तोंडातून लाळेचे लोट वाहत, हिरड्या कुजत, दात हलू लागत, हातपाय थरथरत. कित्येकांना रोगापेक्षा औषध अधिक जाचक वाटे. स्पेनच्या नव्या वसाहतींतून ग्वायाकम नावाचे लाकूड युरोपात आले आणि त्याचा काढा पाऱ्याला पर्याय म्हणून विकला जाऊ लागला. जर्मनीचे धनाढ्य फुगर घराणे या व्यापारात होते. अशा वेळी पूर्वेकडून दुसरा पर्याय आला.

७/२५
चीनमध्ये त्या पर्यायाचे नाव होते ‘तू-फू-लिंग’. फू-लिंग ही पाइन वृक्षाच्या मुळांवर वाढणारी प्रसिद्ध औषधी बुरशी. ‘तू’ म्हणजे माती किंवा स्थानिक. प्रसिद्ध वैद्य ली शिजेन याने १५७८ मध्ये पूर्ण केलेला आणि १५९६ मध्ये नानजिंग येथे छापला गेलेला ‘बेनत्साओ गांगमू’ हा महाग्रंथ या मुळाविषयी सविस्तर सांगतो. त्याचे निरीक्षण महत्त्वाचे आहे. जुन्या वैद्यकग्रंथांत या व्रणांचा उल्लेख नाही, रोग दक्षिणेकडून पसरला आणि वैद्यांनी पाऱ्याच्या क्षारांचा अतिरेक केल्याने रुग्णांना विषबाधा झाली, असे तो नोंदवतो. तू-फू-लिंगचा एक उपयोग ही बाधा निवारण्यासाठी होत असे.

८/२५
वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने ही वेल ‘स्मायलॅक्स’ या प्रजातीतील. सह्याद्रीच्या जंगलात काट्यांनी वर चढणारी घोटवेल याच प्रजातीची आहे. लिनियसने १७५३ मध्ये एका जातीला ‘स्मायलॅक्स चायना’ हे नाव दिले. पण चीनमध्ये तू-फू-लिंग म्हणून आज मान्य असलेली जात वेगळी आहे: ‘स्मायलॅक्स ग्लॅब्रा’. बाजारात दोन्हींची मुळे ‘चीनचे मूळ’ या एकाच नावाने जात. नाव एक आणि वनस्पती दोन ही अडचण औषधांच्या इतिहासात वारंवार येते. जुन्या ग्रंथातील औषध आणि आजच्या डब्यातील औषध एकच आहे असे गृहीत धरण्यापूर्वी अभ्यासकाला थांबावे लागते.

९/२५
मूळ भारतात आले समुद्रमार्गे. पोर्तुगीजांनी १५१० मध्ये गोवा घेतले, १५११ मध्ये मलाक्का घेतले. दक्षिण चीनच्या बंदरांतील माल मलाक्काला आणि तिथून गोवा, कोची, दीवकडे येऊ लागला. या मुळाची भारतातील ओळख १५३५ च्या सुमारास झाली, असे गोव्यातील एका पोर्तुगीज वैद्याने लिहून ठेवले आहे. त्याचे नाव गार्सिया द ओर्ता. मार्तिम आफोन्सो द सूझा या सेनानीचा वैद्य म्हणून तो मार्च १५३४ मध्ये लिस्बनहून निघाला, त्याच वर्षी सप्टेंबरात गोव्याला पोहोचला आणि मृत्यूपर्यंत याच किनाऱ्यावर राहिला.

१०/२५
ओर्ताचे घराणे मूळचे ज्यू. स्पेनमधून हाकलले गेलेले आणि पोर्तुगालमध्ये बळजबरीने ख्रिस्ती झालेले. त्याचे शिक्षण सालामांका आणि आल्काला येथे झाले आणि काही काळ त्याने लिस्बनच्या विद्यापीठात अध्यापन केले. भारतात त्याने वैद्यकीसोबत व्यापारही केला. १५५० च्या दशकात मुंबई बेट त्याला भाडेपट्ट्याने मिळाले आणि त्याने तिथे घर बांधले. पुढे इंग्रजांचा किल्ला त्याच परिसरात उभा राहिला. गोव्यातील त्याच्या घरी मालुपा नावाचा हिंदू वैद्य येत असे आणि औषधी वनस्पती दाखवीत असे. आंतोनिया नावाची दासी बागेतून फांद्या, फळे आणून पुढे ठेवी. ओर्ताच्या ज्ञानात या दोघांचा वाटा होता आणि त्यांची नावे त्याच्याच पुस्तकात आहेत.

११/२५
ओर्ताचा आणखी एक गुरू-शिष्य होता अहमदनगरचा बुऱ्हाण निजामशाह. १५५३ पर्यंत राज्य करणाऱ्या या सुलतानावर ओर्ता उपचार करीत असे. निजामशाहाने आपल्याला रोगांची आणि औषधांची अरबी नावे शिकवली आणि आपण त्याला लॅटिन नावे शिकवली, असे ओर्ता सांगतो. दख्खनचा एक सुलतान आणि पोर्तुगालचा एक परागंदा वैद्य समोरासमोर बसून शब्दांची देवाणघेवाण करीत आहेत, हे दृश्य सोळाव्या शतकातील दख्खनविषयी बरेच काही सांगून जाते. इराणी हकीम, अरबी ग्रंथ, देशी वैद्य आणि फिरंगी डॉक्टर या सर्वांची त्या दरबारात ये-जा होती.

१२/२५
याच निजामशाहीच्या उत्तर टोकाला चांदवड होते. यादवांच्या लेखांत येणारे चंद्रादित्यपूर म्हणजे चांदवड, असे मानले जाते. सातमाळेच्या रांगेतील खिंडीच्या तोंडाशी वसलेले हे गाव एका बाजूला खानदेश आणि दुसऱ्या बाजूला गोदावरीचे खोरे यांवर नजर ठेवते. कोकणातील बंदरांतून थळ घाटाने वर चढून नाशिकमार्गे बुऱ्हाणपूर आणि पुढे आग्र्याकडे जाणारी वाट इथूनच जाते. आजचा मुंबई-आग्रा महामार्गही तसाच आहे. १६३६ च्या सुमारास मुघल सरदार अलावर्दी खानाने चांदवड, इंद्राई, राजधेर, कोळधेर हे किल्ले घेतले. पुढे होळकरांच्या काळात इथे रंगमहाल उभा राहिला आणि टांकसाळ चालली.

१३/२५
चांदवडसारखी ठाणी या इतिहासात महत्त्वाची ठरतात, कारण किनाऱ्यावर उतरलेली वस्तू देशावर पोहोचते ती अशाच घाटवाटांनी आणि बाजारपेठांनी. मिरची, तंबाखू, पेरू, सीताफळ ही सगळी याच शतकांत दर्यापारहून आली आणि मराठी घरांत इतकी रुळली की त्यांचे परकेपण विसरले गेले. चोपचिनीचेही तसेच झाले. फरक एवढाच की ती जमिनीत रुजली नाही. वाळलेले मूळ दर खेपेला बाहेरूनच येत राहिले, आणि त्यामुळे ‘चिनी’ हा शब्द तिच्या नावाला कायमचा चिकटून राहिला.

१४/२५
१० एप्रिल १५६३ रोजी गोव्यात ओर्ताचा ग्रंथ छापून झाला: भारतातील औषधी द्रव्यांविषयीचे संवाद. भारतात छापल्या गेलेल्या अगदी आरंभीच्या पुस्तकांत त्याची गणना होते. रचना संवादाची आहे. रुआनो नावाचा काल्पनिक पाहुणा प्रश्न विचारतो आणि ओर्ता उत्तरे देतो. त्यातील एक संपूर्ण संवाद चीनच्या मुळावर आहे. मुळाचे तुकडे पाण्यात उकळून तो काढा गरम गरम पाजावा, रुग्णाला घाम यावा, आहार मोजका असावा, असा उपचार त्या काळी रूढ झाला होता. क्रम साधारण महिनाभर चाले. ग्वायाकमच्या कडक उपासापेक्षा हे पथ्य सौम्य होते आणि पाऱ्याच्या यातना तर त्यात मुळीच नव्हत्या.

१५/२५
देशी वैद्यकानेही वेळ दवडला नाही. सोळाव्या शतकात भावमिश्राने ‘भावप्रकाश’ रचला. त्यात फिरंग रोगाचे स्वतंत्र वर्णन आहे. हा रोग फिरंग देशात अधिक आढळतो म्हणून त्याचे हे नाव, असे तो स्पष्ट करतो. बाह्य, आभ्यंतर आणि बहिरन्तर्भव असे त्याचे तीन प्रकार मांडतो. उपचारांत रसकापूर आणि चोपचिनी दोन्ही येतात. आयुर्वेद म्हणजे प्राचीन काळी गोठलेले शास्त्र, ही समजूत या एका प्रकरणाने मोडीत निघते. नवा रोग आला तेव्हा त्याला नवे प्रकरण मिळाले आणि परदेशी औषध आले तेव्हा त्याला संस्कृत नाव मिळाले. इराणात याच काळात शिराझच्या इमादुद्दीन महमूद या हकिमाने चोबचिनीवर स्वतंत्र पुस्तिका लिहिली.

१६/२५
युरोपातही या मुळाची लाट आली. सम्राट पाचवा चार्ल्स संधिवाताने त्रस्त होता आणि त्याने चीनच्या मुळाचा काढा घेतला. त्याचा वैद्य होता आधुनिक शरीररचनाशास्त्राचा जनक आंद्रेआस वेसालियस. १५४६ मध्ये त्याने या काढ्यावर पत्ररूपाने एक पुस्तक प्रसिद्ध केले. गंमत अशी की पुस्तकाचा मोठा भाग शरीररचनेवरील वादांनी भरलेला आहे आणि मुळाविषयी त्याचा सूर साशंक आहे. ओर्ताच्या ग्रंथाचे लॅटिन संक्षिप्त रूपांतर १५६७ मध्ये कारोलुस क्लुसियस याने अँटवर्पहून काढले. युरोपातील वैद्यांनी गोव्याचे हे ज्ञान वाचले ते प्रामुख्याने त्या रूपांतरातून.

१७/२५
ओर्ताचा शेवट मात्र विषण्ण करणारा आहे. १५६० मध्ये गोव्यात इन्क्विझिशन, म्हणजे धर्मन्यायालय, सुरू झाले. ओर्ता १५६८ मध्ये वारला. पुढच्याच वर्षी त्याची बहीण कातारिना हिला गुप्तपणे ज्यू धर्म पाळल्याच्या आरोपावरून जाळण्यात आले. १५८० मध्ये ओर्ताची हाडे उकरून काढून तीही जाळली गेली. ज्या माणसाने अरबी, लॅटिन, कोकणी, फारसी नावे एकत्र मांडून प्रत्येक द्रव्याची ओळख पटवली, त्याला स्वतःची ओळख आयुष्यभर लपवावी लागली होती.

१८/२५
आता मूळ प्रश्न: चोपचिनी गुणकारी होती का? सिफिलिसचा नैसर्गिक क्रम आज नीट माहीत आहे. पहिला व्रण उपचार न करताही तीन ते सहा आठवड्यांत भरून येतो. नंतर उठणारे पुरळही काही आठवड्यांत किंवा महिन्यांत मावळते. मग रोग वर्षानुवर्षे सुप्त राहतो आणि उपचार न मिळालेल्यांपैकी साधारण एक तृतीयांश लोकांत पुढे हृदय, मेंदू, हाडे यांवर हल्ला करतो. काढ्याचा क्रम महिनाभराचा होता आणि व्रण आपोआप भरण्याचा काळही तेवढाच. महिन्याअखेर त्वचा स्वच्छ झालेली पाहून रुग्ण आणि वैद्य दोघेही प्रामाणिकपणे म्हणत असणार, गुण आला. तो रुग्ण घरी जाई, संसार करी आणि काही प्रसंगी रोग पत्नीला आणि गर्भातील मुलाला देई.

१९/२५
दुसरा भाग पाऱ्याचा. काढा सुरू झाला की बहुधा पारा थांबे. पारा थांबला की लाळ थांबे, हिरड्या भरून येत, भूक लागे, माणूस उठून बसे. हा फायदा खरा होता, पण तो मुळापेक्षा विष थांबल्याचा अधिक होता. ली शिजेनच्या नोंदीत हे सूत्र दडलेले आहे. त्याच्या काळच्या अनुभवी वैद्यांना औषधाने होणारा आजार आणि मूळचा आजार यांतला भेद कळत होता. त्यांना भोळे ठरवणे सोपे आहे. परंतु तुलनेसाठी उपचाराविना ठेवलेल्या रुग्णांचा गट ही कल्पनाच तेव्हा रुजलेली नव्हती, हे विसरून चालत नाही.

२०/२५
तिसरा भाग अधिक रंजक आहे. मराठीत या रोगाला ‘गरमी’ म्हणतात. फारसीत तो ‘आतशक’, आतश म्हणजे अग्नी. चिनी वैद्यक तू-फू-लिंगला ‘उष्णता आणि विष’ दूर करणारे मानते. त्वचा लाल होणे, सुजणे, आग होणे, याला संस्कृतात दाह हाच शब्द आहे. आधुनिक प्रयोगशाळेत स्मायलॅक्स ग्लॅब्राच्या मुळातून ॲस्टिल्बिन नावाचे फ्लेव्होनॉइड वेगळे करण्यात आले. नानजिंगच्या संशोधकांनी उंदरांवर केलेल्या प्रयोगांत त्याने त्वचेची ॲलर्जीजन्य सूज कमी केली. प्रतिकारशक्तीच्या ज्या टी-पेशी उद्दीपित होऊन दाह वाढवतात त्यांना त्याने आवर घातला. म्हणजे रोगजंतू न मारताही हे मूळ त्वचेचा दाह काहीसा शमवत असावे, ही शक्यता निराधार नाही. उंदरांवरचा निष्कर्ष माणसाला जसाच्या तसा लागू होत नाही, हे अर्थातच खरे.

२१/२५
एकोणिसाव्या शतकात मुंबई औषधांची मोठी बाजारपेठ बनली. विल्यम डायमॉक या सरकारी औषधभांडाराच्या अधिकाऱ्याने पश्चिम भारतातील वनस्पतिज औषधांची सूची केली आणि पुढे वॉर्डन व हूपर यांच्यासह १८९० ते १८९३ दरम्यान ‘फार्माकोग्राफिया इंडिका’ हा तीन खंडांचा ग्रंथ काढला. दरम्यान अमेरिकेतील स्मायलॅक्सच्या जाती, म्हणजेच सार्सापरिला, युरोपीय डॉक्टरांच्या पसंतीस उतरल्या होत्या. तिला स्वस्त देशी पर्याय म्हणून उपळसरी, म्हणजे अनंतमूळ, पुढे आले आणि त्याला ‘भारतीय सार्सापरिला’ म्हटले गेले. उपळसरी वेगळ्याच कुळातली आहे. नाव फक्त उपयोगावरून जोडले गेले.

२२/२५
त्याच काळात दोषारोपाची दिशाही बदलली. पूर्वी रोगाला परक्या देशाचे नाव मिळे, आता दोष स्त्रियांवर आला. गोऱ्या सैनिकांतील गुप्तरोग आटोक्यात ठेवण्यासाठी १८६८ मध्ये भारतात सांसर्गिक रोग कायदा झाला. त्याखाली वेश्याव्यवसायातील स्त्रियांची नोंदणी, सक्तीची तपासणी आणि ‘लॉक हॉस्पिटल’ नावाच्या रुग्णालयांत डांबणे सुरू झाले. मुंबईतही तो काही काळ लागू होता. सैनिकांची अशी नोंदणी कोणी केली नाही. तीव्र विरोधानंतर १८८८ मध्ये हा कायदा रद्द झाला. ज्यांना डांबले गेले त्यांच्यावर होणारे मुख्य उपचार अजूनही पाऱ्याचेच होते.

२३/२५
कोडे उलगडले ते विसाव्या शतकात. १९०५ मध्ये शाउडिन आणि हॉफमान या जर्मन संशोधकांनी मळसूत्राच्या आकाराचा रोगजंतू शोधला. १९१० मध्ये पाउल एर्लिख यांचे आर्सेनिकयुक्त साल्वार्सान बाजारात आले. १९४३ मध्ये अमेरिकेतील जॉन महोनी यांनी पेनिसिलिनने सिफिलिस बरा होतो हे दाखवले. त्यानंतर चोपचिनीचे मूळ काम संपले. तरी ती नाहीशी झाली नाही. चोपचिन्यादि चूर्ण आणि चोपचिनी पाक या नावांनी ती त्वचेचे विकार आणि सांधेदुखी यांसाठी दिली जाऊ लागली. चीनमध्येही तू-फू-लिंग आज इसब आणि सोरायसिस यांवरील मिश्रणांत वापरले जाते.

२४/२५
अशा मिश्रणांची पारख कशी करावी, याचा धडा लंडनमध्ये मिळाला. तेथील चिनी वैद्याच्या काढ्याने मुलांचा हट्टी इसब सुधारतो हे पाहून त्वचारोगतज्ज्ञ डेव्हिड ॲथर्टन आणि सहकाऱ्यांनी दहा वनस्पतींच्या मिश्रणाची चाचणी घेतली. त्यांत चांदवडच्या माळरानावरही उगवणारा सराटा होता आणि ज्येष्ठमधाची चिनी बहीणही होती. १९९२ मध्ये निष्कर्ष आले: खोट्या काढ्यापेक्षा खरा काढा सरस. १९९९ मध्ये हाँगकाँगमधील चाचणीत मात्र तसा फरक आढळला नाही. यकृतावर परिणाम झाल्याच्या नोंदीही आल्या. त्याच वर्षी लंडनमधील डॉक्टरांनी रुग्णांनी वापरलेली ११ ‘चिनी वनौषधी’ मलमे तपासली. त्यांपैकी ८ मलमांत डेक्सामेथासोन हे तीव्र स्टेरॉइड निघाले. आईवडील ती नैसर्गिक समजून मुलांच्या चेहऱ्यावर लावत होते.

२५/२५
१९२८ साली चांदवडमध्ये श्री नेमिनाथ जैन ब्रह्मचर्याश्रम ही शिक्षणसंस्था उभी राहिली आणि आज तिच्या आवारात औषधनिर्माणशास्त्राचे महाविद्यालय आहे. अशा महाविद्यालयांत मुळाचा पातळ छेद काचपट्टीवर ठेवून स्टार्चचे कण आणि स्फटिक पाहून वनस्पतीची ओळख पटवणे हा अभ्यासक्रमाचाच भाग असतो. ओर्ता आणि मालुपा हेच काम नजरेने, जिभेने आणि चार भाषांतील नावांनी करीत होते. त्यांच्यानंतर साडेचारशे वर्षांनी प्रश्न तेच आहेत: डब्यातली वनस्पती तीच आहे का, तिच्यात दुसरे काही मिसळले आहे का, आणि त्वचा निवळली ती तिच्यामुळे की आपोआप? चोपचिनी अजून दुकानात मिळते. ज्याच्या अंगावर ती लागू पडायची आहे त्या रुग्णाला या तिन्ही प्रश्नांची उत्तरे मागण्याचा हक्क आहे, आणि सोळाव्या शतकातील रुग्णाला तो मिळाला नव्हता.

(धागा समाप्त)